‘आज टीममध्ये दमच नव्हता’

प्रश्न : मास्तर, नमस्कार. आम्ही साखळीचे सातआठ जण एफसी गोवाची फुटबॉल मॅच असली की गाडी करून मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जातो. हरलो की परतीच्या वाटेवर बोरीचा पूल ओलांडून फोंड्याला चहाला थांबेपर्यंत एकच विषय : ‘आज टीममध्ये दमच नव्हता.’ माझा मामा जुना, डेंपो क्लबचा चाहता. तो म्हणतो, हे लाखांनी पगार घेतात, यांना जर्सीचं काही पडलेलं नाही. आमच्या वेळचे पोरगे जीव तोडून धावायचे. चुलतभावाच्या मते कोच बदल करायला उशीर करतो. तिसरा सगळा दोष उकाड्यावर टाकतो. त्यात एप्रिल २०२४ मधली मुंबई सिटीविरुद्धची इंडियन सुपर लीगची (आयएसएल) सेमीफायनल निघाली, की गाडीत भांडणच. नव्वद मिनिटांपर्यंत २-० पुढे आणि शेवटी २-३! खरंच असा दम संपतो का? आणि स्टँडमध्ये बसून ते ओळखायचं कसं?
– एक वाचक, साखळी

उत्तर : आधी मामांना आवरू. पगार घेणारा खेळाडू अंग चोरतो ही समजूत मी शाळेत पी.टी. शिकवायला लागलो तेव्हापासून ऐकतोय. तेव्हा ती चालून जायची, आता नाही. जर्सीच्या आत खेळाडू जी घट्ट बंडी घालतात, तिच्या पाठीत खांद्यांच्या मधोमध एक छोटं यंत्र असतं. कोण किती धावला, त्यातलं किती जोरात धावला, कुठल्या मिनिटाला मंदावला, सगळं त्यात नोंदलं जातं. चांगला मिडफिल्डर एका मॅचमध्ये दहा ते बारा किलोमीटर पळतो. कोणी सहावर थांबला तर कोचला ते आपल्या आधी कळतं, आणि पुढच्या मॅचला तो बाकावर दिसतो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये आळस ही सगळ्यात लवकर पकडली जाणारी चोरी आहे.

मामांच्या डेंपोबद्दल मला आदरच आहे. आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सगळ्यात वरची लीग, २००७-०८ ला सुरू झाली आणि पहिली सहाच्या सहा विजेतेपदं गोव्यात आली : डेंपो तीनदा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. पण ती पोरंही पगारीच होती, मामा. डेंपोचं काम सोपं झालं ते आर्मांदो कुलासोंसारखा कोच वर्षानुवर्षं तोच राहिल्यामुळे आणि निम्मी टीम एकमेकांना डोळे मिटून ओळखत असल्यामुळे. ज्याला पास कुठे येणार हे आधीच माहीत असतं, तो चार पावलं कमी धावूनही चेंडूवर वेळेत पोचतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, काय पळतोय पोरगा! शिवाय जिंकलेल्या मॅचच्या आठवणीत सगळेच पळत असतात.

आता २४ एप्रिलची ती रात्र. मी होतो तिथे. बोरिस सिंगचा गोल, दुसऱ्या हाफमध्ये ब्रँडन फर्नांडिसचा गोल, आणि आमच्या रांगेतले दोघे पार्किंगमधून गाडी लवकर काढावी म्हणून उठून उभे राहिलेले. मग मुंबईचे गोल : नव्वदाव्या मिनिटाला छांगते, लगेच पुढच्या मिनिटाला विक्रम प्रताप सिंग, आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते. ते दोघे उभ्याउभ्याच राहिले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या मॅचमध्येच आहे. दम संपायची एक रीत असते. तो एका मिनिटात जात नाही. साधारण पासष्ट-सत्तराव्या मिनिटापासून पाय हळूहळू जड होतात, स्प्रिंट, म्हणजे जोराच्या छोट्या धावा, कमी होतात, दोन स्प्रिंटमधली विश्रांती लांबते. ज्या टीमने एकोणनव्वद मिनिटं मुंबईसारख्या टीमला एक गोल करू दिला नाही, तिची फुप्फुसं नव्वदाव्या मिनिटाला अचानक रिकामी झाली हे मला पटत नाही. माझ्या मते पहिला गोल बसल्यावर अकरा जणांचे अकरा विचार झाले. कोणाला चेंडू लांब मारून वेळ काढायचा होता, कोणाला तो पायाशी ठेवायचा होता. मागचे चार गोलपोस्टकडे सरकले, पुढचे दोघे तिथेच थांबले, आणि मधे जी जागा उघडी पडली तिथे मुंबईचे लोक मोकळे. जागा उघडी पडली की प्रत्येकाला दुप्पट धावावं लागतं आणि तरी उशीरच होतो. या उशीर होण्यालाच आपण ‘दम नाही’ म्हणतो.

थकव्याचा वाटा शून्य होता असं मी म्हणणार नाही. थकलेलं डोकं निर्णय उशिरा घेतं. पण समोरचेही तेवढीच मिनिटं खेळलेले असतात. उकाड्यावर दोष टाकणाऱ्या मित्राला तेवढं सांगा. मुंबईचे खेळाडू काही शिमल्याहून आले नव्हते.

अशा गोष्टी फातोर्ड्याने आधीही पाहिल्यात आणि नंतरही. २०१५ ची आयएसएल फायनल आठवा. झिको कोच. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला, गोवा २-१ पुढे, आणि चेन्नईयिनने तीच मॅच ३-२ ने नेली. २०२५ च्या सेमीफायनलला बंगळुरूत पहिल्या मॅचमध्ये खाल्लेले दोन गोल इथे दुसऱ्या मॅचमध्ये फेडून दाखवले, दोन्ही मॅचची बेरीज बरोबरीत येऊन मॅच एक्स्ट्रा टाइमला जाणार असं वाटत असतानाच भरपाई वेळेत बंगळुरूच्या छेत्रीचा गोल. दहा वर्षांत खेळाडू बदलले, कोच बदलले. म्हणून ‘या टीमच्या रक्तातच दम नाही’ हे वाक्य मला आवडत नाही. जगभर सगळ्यात जास्त गोल शेवटच्या पंधरा मिनिटांतच होतात. आपल्याला बसलेले तेवढे लक्षात राहतात.

आता ओळखायचं कसं. टीव्हीवर कळणार नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे फिरतो. तुम्ही तिकीट काढून आत बसलेले असता, त्याचा हा एक फायदा. साठ मिनिटं झाली की पाच मिनिटं चेंडूकडे बघूच नका. टीमच्या सगळ्यात मागच्या आणि सगळ्यात पुढच्या माणसामधलं अंतर बघा. नीट बांधलेली टीम तीस-पस्तीस मीटरच्या पट्ट्यात एकत्र वरखाली होते. हे अंतर पन्नासच्या पुढे गेलं की समजा काहीतरी सुटलंय, मग खेळाडू कितीही पळोत. गोलकीपरने लांब किक मारली आणि हेडिंगनंतर पडणाऱ्या चेंडूजवळ आपलं कोणीच नाही, असं लागोपाठ घडलं तर हेच चाललंय.

मग एकच माणूस धरा, बचावाच्या पुढे खेळणारा मिडफिल्डर. आपला पास चुकला की पुढची पाच सेकंदं तो काय करतो? थकलेला माणूस दिशा बरोबर घेतो पण पोचत नाही. थ्रो-इनला गुडघ्यांवर हात ठेवून वाकतो, चेंडू सुरू झाला की सरळ होतो. त्याला बदलायला हवं. गोंधळलेला माणूस वाकत नाही. तो उभा राहून हात पसरतो, शेजारच्याला काहीतरी सांगतो, आणि कोणाला धरायचं हे ठरेपर्यंत चेंडू पुढे गेलेला असतो. त्याला बदलून उपयोग नाही, येणाराही तसाच हात पसरणार.

प्रेसिंगचंही, म्हणजे समोरच्याकडे चेंडू असताना त्याच्यावर धावून दाब टाकण्याचंही, असंच. पुढचा खेळाडू एकटाच समोरच्या डिफेंडरवर धावून जातो, मागून कोणी येत नाही, डिफेंडर आरामात बाजूला पास देतो. धावणारा येडा ठरतो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो जात नाही. शाळांच्या सुब्रतो कप स्पर्धेच्या तयारीला मी मुलांना घेऊन मैदानात उतरायचो, तेव्हा हे रोज दिसायचं : सगळ्यात मेहनती मुलगा सगळ्यात आधी थांबतो, कारण त्यालाच सगळ्यात जास्त वेळा एकटं पडावं लागलेलं असतं. आणि स्टँडमधून शिव्या त्यालाच : ‘अरे, धांव रे!’

चुलतभावाचं म्हणणं मात्र मी अर्धं मान्य करतो. आता पाच बदल करता येतात, पण त्यासाठी खेळ तीनदाच थांबवता येतो, हाफटाइम सोडून. पुढे असलेला कोच घाबरतो. चालू घडी विस्कटेल म्हणून थांबतो, आणि बदल करतो तेव्हा पुढचा माणूस काढून मागे एक वाढवतो. त्याने टीम आणखी मागे सरकते. सत्तराव्या मिनिटाला पुढे ताज्या पायांचा धावणारा सोडला, तर मागच्यांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. हे माझं मत, कोच लोक मला विचारत नाहीत.

उकाड्याबद्दल दोन शब्द. मार्च-एप्रिलच्या रात्री मडगावला घाम येतो पण वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही. वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं तरी खेळ मंदावतो, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचं जेमतेम दीड लिटर. मॅचमध्ये पाण्यासाठी थांबतात त्यावर चिडू नका. दोन मॅचमध्ये तीनच दिवसांचं अंतर असेल तर मात्र थकव्याची तक्रार खरी धरा. स्नायूंमधला ताकदीचा साठा पूर्ण भरायला दोन ते तीन दिवस लागतात, त्यात एक दिवस विमानात गेला तर उरलं काय?

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा, गावच्या अकादमीत खेळतो. दुसऱ्या हाफमध्ये त्याला धाप लागते. मित्र एनर्जी ड्रिंकचा कॅन पितात, तो मागतो. देऊ का?
– एक आई, म्हापसा

उत्तर : नको, बाई. त्यात कॅफिन असतं. या वयात त्याने छाती धडधडेल आणि रात्रीची झोप जाईल, दम वाढणार नाही. मॅचच्या तीन तास आधी उकड्या तांदळाची पेज, किंवा भात आणि थोडी आमटी. तासभर आधी एक केळं. तळलेलं काही नको. पाणी घोटाघोटाने, आणि उन्हात खेळणार असेल तर मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत बरोबर द्या. अकादमी, शाळेची टीम आणि वाड्यावरची टीम अशा तिन्हीकडे तो खेळत असेल तर एक कमी करा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. एवढं करूनही महिनाभरात फरक पडला नाही, चेहरा फिकट दिसत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. धावताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर महिना थांबू नका. खेळ बंद करा आणि आधी डॉक्टरकडे न्या.