बंद झालेले मॉडेल घ्यावे का?

प्रश्न : मला दोन अकूस्टिक गिटार आवडल्या आहेत, त्यांपैकी एका मॉडेलचे उत्पादन बंद झाले आहे. ते कमी प्रतीचे समजावे काय?

उत्तर : मुळीच नाही. मॉडेल बंद होण्यामागे पुष्कळदा आवाजापेक्षा खर्च, मागणी किंवा लाकडाची उपलब्धता ही कारणे असतात. मार्टिन कंपनीची ‘डी-४५’ ही आज अतिशय मौल्यवान मानली जाणारी गिटार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, बंद झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा सुरू झाली. उलट त्याच कंपनीच्या ‘डी-२८’ या गिटारचे नाव कायम राहिले, पण १९६९च्या सुमारास तिच्यातील ब्राझिलियन रोझवुड या लाकडाची जागा भारतीय शिसवीने घेतली. म्हणून नावाइतकेच निर्मितीचे वर्षही पाहावे.

तुलना करताना मी सर्वांत अधिक महत्त्व वरच्या फळीला देतो. आवाजछिद्राची कड नीट न्याहाळावी : पृष्ठभागावरील लाकडाच्या रेषा कडेच्या जाडीतही सलग उतरलेल्या दिसल्या तर फळी बहुधा अखंड लाकडाची असते, आणि आडवे थर दिसले तर ती प्लायची असते. त्यानंतर दोन्ही गिटारींवर एकाच जाडीच्या नव्या तारा चढवून, तोच तुकडा हळू आणि जोरात वाजवून ऐकावा. बंद झालेल्या मॉडेलची वॉरंटी मात्र आधी विचारून घ्यावी. तारा, खुंट्या यांसारखे सुटे भाग सहसा अडत नाहीत.