आजीच्या ट्रंकेतली पत्रं आणि चित्रं

प्रश्न: नमस्कार ताई, माझी आजी मिरजेला मिशनच्या हॉस्पिटलात नर्स होती. तिच्या ट्रंकेत एक गठ्ठा सापडलाय, १९११ चा बाप्तिस्म्याचा दाखला, काही मोडीतली आणि काही इंग्रजी पत्रं आणि कृष्णाघाटाची दोन छोटी वॉटरकलरची चित्रं. बहीण म्हणते सगळं लॅमिनेट करून घे, मुलगा म्हणतो चित्रं फ्रेम करून हॉलमध्ये लावू. काय करावं? आणि चर्चच्या जुन्या नोंदी कुठं मिळतील?
– एक वाचक, सांगली

उत्तर: लॅमिनेशनवाल्याकडे जायच्या आधी विचारलंत, फार बरं केलंत. लॅमिनेट अजिबात करू नका. एका कुटुंबानं असाच लॅमिनेट केलेला दाखला मला दाखवला होता, आत कागद पिवळा पडून शाईच्या रेघेवरच चिरला होता आणि प्लास्टिक काढायला गेलं तर अक्षरंच निघून येत होती, म्हणजे आता कुणालाच काही करता येत नाही. त्या काळी लोखंडाच्या क्षाराची शाई खूप वापरायचे, ती वर्षानुवर्षं कागद खाते, त्यात लॅमिनेशनची उष्णता म्हणजे संपलंच. सेलोटेपही नको.

गठ्ठा आहे तसाच्या तसा ठेवा हे मी परत परत सांगते. कुठलं पत्र कशाखाली होतं, चित्र कुठल्या पाकिटात होतं ही पण माहितीच आहे, ते चित्र कुणी कुणाला पाठवलं ते बहुतेक त्या पाकिटावरूनच कळेल. हात धुऊन, कोरडे करून, नैसर्गिक उजेडात फ्लॅश न वापरता दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकिटांचेही. कागदावर काही लिहायचंच तर मऊ पेन्सिलीनं, मागच्या कोपऱ्यात, हलक्या हातानं. मग अॅसिड-फ्री कागदात गुंडाळून बाहेरच्या भिंतीपासून लांबच्या कपाटात ठेवा, पावसाळ्यात दर महिन्याला उघडून बघा, कसर आणि बुरशी तेव्हाच लागते. वॉटरकलरचा रंग उजेडानं उडतो म्हणून हॉलमध्ये चांगली प्रिंट लावा, मूळ चित्र अंधारातच राहू दे.

आता नोंदी. मिरजेचं हॉस्पिटल अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं, प्रेस्बिटेरियन म्हणजे एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ. त्यांच्या मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, पाळक (पाद्री) एकटा कारभार करत नाही, निवडलेले वडील (एल्डर) आणि पाळक मिळून सेशन, म्हणजे मंडळीची कारभारी समिती, चालवतात आणि त्यांची इतिवृत्ताची वही वरची प्रेस्बिटरी, म्हणजे अनेक मंडळ्यांवरची सभा, दरवर्षी तपासते, त्यामुळे कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाला प्रभुभोजनापासून थांबवलं, कोण दाखला घेऊन दुसऱ्या गावच्या मंडळीत गेलं हे सगळं वहीत येतं. पण शोधताना नुसतं 'प्रेस्बिटेरियन' नाव धरून बसू नका. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं आणि १९७० मध्ये ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेलं, म्हणजे एकाच मंडळीच्या वह्या तीन नावांनी सापडू शकतात. आधी आजीच्या मंडळीच्या पाळकांना भेटा, नोंदवही तिथंच कपाटात असू शकते.

मिशनची बाजू मात्र अमेरिकेत. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापूरला आले आणि १८७० मध्ये ते काम तिकडच्या प्रेस्बिटेरियन मिशन बोर्डाकडे गेलं, त्या बोर्डाचा पत्रव्यवहार फिलाडेल्फियातल्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत आहे. ही सोसायटीही १८५२ चीच, मला हा योगायोग फार आवडतो. वाइल्डरांचा मुलगा रॉबर्ट, जन्म कोल्हापूरचा, त्याचे कागद येल विद्यापीठाच्या डिव्हिनिटी लायब्ररीत आहेत. दोन्हीकडे ईमेल करता येतो, आजीचं नाव, गाव आणि अंदाजे वर्षं एवढं लिहा. अधिकृत अहवालात नर्सेसची बरेचदा नुसती संख्या असते, नावं घरच्या पत्रांत सापडतात, म्हणून तुमच्या गठ्ठ्याचं मोल त्यांनाही आहे. त्यांनी कागद मागितले तर आधी स्कॅन पाठवा, मूळ द्यायचं का नाही ते घरात सगळ्यांनी बसून ठरवा.

मोडीसाठी वाचणारा माणूस शोधा, पण त्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईंपुढं ते फोटो ठेवा आणि त्या बोलतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करा, याच रविवारी.