विज्ञानातले अवघड इंग्रजी शब्द बरोबर कसे उच्चारायचे आणि त्यांचे अर्थ लक्षात कसे ठेवायचे?

स्पेलिंग बघून उच्चार कळत नाही आणि पाठ केलेला अर्थ चार दिवसांत विसरतो, असं तुम्ही लिहिलंय. माझा सल्ला असा की पाठांतर थांबवा आणि शब्द कुठे जोडलाय ते शोधा. यातले बहुतेक शब्द ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे असतात. सांधा सापडला की अर्थाबरोबर उच्चारही बराचसा उलगडतो.

'हेलिकॉप्टर' घ्या. आपण तो 'हेली' आणि 'कॉप्टर' असा तोडतो. खरा सांधा 'हेलिको' आणि 'प्टर' यांच्यामध्ये आहे, म्हणजे मळसूत्री फिरकी आणि पंख. हाच 'प्टर' टेरोडॅक्टिल या पुरातन उडत्या प्राण्याच्या नावात सुरुवातीलाच येतो आणि तिथे 'पी' लिहितात, पण म्हणत नाहीत. प्ट, प्न, प्स, म्न ही जोडाक्षरं इंग्रजीत शब्दाच्या तोंडाशी आली की पहिला ध्वनी गळतो. मध्ये आली की दोन्ही ऐकू येतात. म्हणून न्यूमोनियातला 'पी' मुका आणि झोपेत श्वास थांबतो त्या 'ऍप्निया'तला बोलका. ऍप्नियातला नकारार्थी 'अ' तर आपल्या 'अशक्य'मधल्या 'अ'चाच सख्खा भाऊ आहे. आठवण ठेवण्याची युक्ती म्हणजे 'निमॉनिक' आणि स्मृती जाणं म्हणजे 'ऍम्नेझिया'. मूळ एकच, फक्त पहिल्यात 'एम' गप्प आहे.

आता आघात, म्हणजे शब्दाच्या एखाद्या भागावर दिलेला जोर. मराठीत आघात हलल्याने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपलं तिकडे लक्षच जात नाही आणि खरी अडचण तिथेच होते. 'ऍनालायसिस' असं कुणी म्हणत नाही, सगळे 'अनॅलिसिस' म्हणतात. मग त्याच साच्यातला शब्द 'इलेक्ट्रोलायसिस' कसा होईल? तो 'इलेक्ट्रॉलिसिस', तसाच 'हायड्रॉलिसिस'. 'लायसिस' हा शब्द एकटा असला तर 'लाय' ठीक, जोडशब्दात आघात त्याच्या आधीच्या अवयवावर (सिलॅबलवर) सरकतो आणि 'लाय'चा 'लि' होतो. अर्थ दोन्हीकडे सुटणं, विघटन होणं हाच.

कधीकधी आघातावर अर्थही ठरतो. जाडी मोजायचं उपकरण 'माइक्रॉमिटर', जोर 'क्रॉ'वर. मीटरचा दहा लाखावा भाग मात्र 'माइक्रोमीटर', जोर 'माइ'वर. बहुतेक शब्दकोशांत उच्चार बघताना वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ दिसेल. ती ज्या अवयवाच्या आधी असते, जोर त्याच्यावर द्यायचा. अनेकजण ती मागच्या अवयवाची समजतात.

माणसांच्या नावांना यातलं काहीच लागू नाही. गणितज्ञ ऑयलर (Euler), भौतिकशास्त्रज्ञ द ब्रॉय (de Broglie) ही नावं ऐकूनच शिकावी लागतात.

मूळ अर्थावरही डोळे मिटून विसंबू नका. 'ऑक्सिजन' म्हणजे आम्ल निर्माण करणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच असं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला वाटत होतं, म्हणून त्याने हे नाव दिलं. हायड्रोक्लोरिक आम्लात तो नाही हे पुढे सिद्ध झालं, पण नाव टिकलं.

आणि मला विचाराल तर लांबलचक शब्दांपेक्षा छोटे, ओळखीचे शब्द जास्त फसवतात. लांब शब्द अडला की आपण शब्दकोश उघडतो. 'नॉर्मल' दिसला की तसेच पुढे जातो, आणि भूमितीत त्याचा अर्थ 'लंब' असतो. भिंत ढकलून घाम निघाला, पण भिंत हलली नाही, तर भौतिकशास्त्राच्या हिशेबात भिंतीवर झालेलं 'वर्क' शून्य. संख्याशास्त्रातलं 'सिग्निफिकंट' म्हणजे 'महत्त्वाचं' नव्हे. निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता कमी आहे, एवढंच त्यातून कळतं. फरक क्षुल्लक असूनही तो सिग्निफिकंट असू शकतो. असे रोजच्या वापरातले शब्द पुस्तकात दिसले की आधी त्या विषयातली त्यांची व्याख्या वाचा, मगच पुढचं वाक्य.