प्रवासातले प्रश्न

प्रश्न : गेल्या वर्षभरातील युरोपच्या प्रवासांतला कोणता क्षण आपल्या मनात घर करून राहिला?

उत्तर : पोलंडमधील क्राकूव शहरातल्या सेंट मेरी चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला चारही दिशांना तुतारी वाजवली जाते आणि ती सुरावट दर वेळी मध्येच तुटते, कारण तातार (मंगोल) टोळ्यांच्या आक्रमणाचा इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला आणि त्याची तुतारी तिथेच थांबली, अशी आख्यायिका तेथे सांगतात. सूर थांबल्यावर वादकाने खिडकीतून हलवलेला हात आजही लख्ख आठवतो. प्रागचे १४१० सालचे खगोलीय घड्याळही पाहिले, पण गर्दीमुळे ते फारसे मनाला भिडले नाही. रोममधील पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या घुमटाच्या माथ्यावर सुमारे ९ मीटर रुंदीचे उघडे वर्तुळ आहे. त्यातून पावसाची सर थेट आत आली आणि संगमरवरी फरशीतील छिद्रांतून पाणी निचरून गेले, तेव्हा छायाचित्र काढण्याचेही भान राहिले नाही.