एम थ्री की एम फोर?

भावा, बीएमडब्ल्यूच्या एम फोरच्या दोन दारांवर तुझा जीव जडलाय हे कळतंय, पण आधी तिच्याच चार दारांच्या बहिणीत, एम थ्रीत, बसून बघ. दोन्हींत तेच तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं ट्विन-टर्बो इंजिन. 2021 च्या कॉम्पिटिशन मॉडेलात 510 अश्वशक्ती आणि 650 न्यूटन-मीटर टॉर्क. व्हीलबेससुद्धा सारखाच. त्यामुळं गगनबावड्याच्या वळणांवर दोघींत तुला मोठा फरक जाणवेल असं मला वाटत नाही. जाणवेल तो आईला पन्हाळ्याला नेताना. एम फोरसारख्या दोन दारांच्या कूपेत मागं बसायचं तर पुढची सीट वाकवून अंग चोरत शिरावं लागतं. डिकीही एम थ्रीचीच मोठी.

मर्सिडीजची एएमजी सी 63 कागदावर 680 अश्वशक्तीची, सगळ्यांच्या पुढं. पण जुनं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन गेलं. आता चार सिलिंडर, जोडीला इलेक्ट्रिक मोटर आणि वजन दोन टनांच्या वर. उताराच्या वळणाआधी ब्रेक दाबताना ते वजन लपत नाही. मी तरी ती घेणार नाही. आवाजासाठी गाडी घेणाऱ्यानं तर नकोच.

एम थ्री मिळेल का, कधी मिळेल, हे विक्रेत्याकडून लेखी घे. आणि टेस्ट ड्राइव्हला घरचे चौघे बसवून तुमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून हळू काढ. पोट घासतं का, ते तिथंच कळेल.