‘पर्यावरण नीती’ कोणत्या सरकारची?

एका वाचकाने राज्यशास्त्रातल्या प्रकरणाचं मराठी करताना ‘एन्व्हायर्नमेंटल एथिक्स’ला (निसर्गाशी वागताना योग्य काय, अयोग्य काय, याचा विचार) ‘पर्यावरण नीती’ म्हटलं. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, “ही नीती कोणत्या सरकारची?” शब्द चुकला का, असा प्रश्न आहे.

चुकला नाही, पण आता तो एकट्याने पुरत नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरणविषयक दस्तऐवजाचं हिंदी नावच ‘राष्ट्रीय पर्यावरण नीति’. २०२० साली हिंदीत ‘राष्ट्रीय शिक्षा नीति’ आली, ती मराठीत मात्र ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण’ झाली. हिंदीचंही चूक नाही. संस्कृतात ‘नी’ म्हणजे नेणे; दंडनीती, चाणक्यनीती त्याच वळणाच्या. मराठीत ‘नीती’ बऱ्या-वाइटाकडे झुकली (नीतिमान, अनीतीचा पैसा) आणि कारभाराची दूरदृष्टी ‘धोरणा’कडे गेली. धोरणी माणूस नीतिमान असेलच, असं आपण धरून चालत नाही. ‘सोयीचं धोरण’ सहज म्हणतो. ‘सोयीची नीती’ म्हटलं की टोमणा होतो.

हा भेद इथे जपायलाच हवा, कारण अमेरिकी निसर्गलेखक अल्डो लिओपोल्डचा ‘लँड एथिक’ हा निबंध (१९४९) त्याच्यावरच उभा आहे. सुरुवातीलाच तो ग्रीक महाकाव्यातल्या ओडिसियस राजाची गोष्ट सांगतो. युद्धावरून परतल्यावर त्याने घरातल्या डझनभर दासींना एकाच दोराने फाशी दिलं. योग्य की अयोग्य, हा प्रश्नच उठला नाही, कारण दासी म्हणजे मालमत्ता, आणि मालमत्तेचं काय करायचं हा सोयीचा मामला. लिओपोल्ड म्हणतो, जमीन अजून त्या दासींच्याच जागी आहे: मालकाला हक्क आहेत, कर्तव्यं नाहीत. थोडक्यात, जमिनीला धोरणातून काढून नीतीत आणायचा त्याचा खटाटोप. त्याचं भाषांतर धोरणासारखं वाचलं गेलं, तर सगळंच उलटं!

‘पर्यावरणीय नैतिकता’ मला पटत नाही. पर्यावरणच नीतीने वागतंय की काय, असं वाटतं. शीर्षकात ‘पर्यावरणीय नीतिशास्त्र’ ठेवा, मजकुरात ‘पर्यावरणविषयक नीतिविचार’. लिओपोल्डसाठी ‘भूमी नीती’ नको, वाचताच सातबारा आणि भूसंपादन डोळ्यांपुढे येतं. पहिल्यांदा ‘जमिनीशी नीतीने वागणं’ असं उलगडून लिहा. पुढे ‘भूनीती’ चालेल.