‘६४ षट्कोण’ नको, षड्रेखा म्हणा. आणि बुद्धिबळाचा पट तिथून आला का

प्रश्न असा आलाय की यी जिंग ह्या जुन्या चिनी शकुनग्रंथाबद्दलच्या एका मराठी लेखात "चौसष्ट षट्कोण" असं लिहिलंय, ते बरोबर आहे का. आणि बुद्धिबळाची ६४ घरं त्याच ग्रंथावरून आली असंही तिथे म्हटलंय, त्यात तथ्य किती.

षट्कोण साफ चूक. त्या चिन्हांत कोन कुठेच नाही, एकावर एक सहा आडव्या रेघा असतात आणि प्रत्येक रेघ एकतर सलग नाहीतर मधे तुटलेली. चिनीत ह्याला ग्वा म्हणतात. इंग्रजीतला हेक्साग्रॅम बघून कोणीतरी घाईत षट्कोण केलेला दिसतोय. मी षड्रेखा लिहीन, षड्रिपू आणि षड्रस आपण रोज वापरतो तेव्हा कानाला खटकायचं कारण नाही. खालच्या तीन आणि वरच्या तीन रेघांचा जो अर्धा भाग असतो त्याला त्रिरेखा, त्या आठ होतात.

आता बुद्धिबळ. आठ बाय आठचा पट आपल्याकडे अष्टापद म्हणून आधीपासूनच होता, बाणभट्टाच्या हर्षचरितात (सातवं शतक) अष्टापद आणि चतुरंग दोन्ही शब्द एकाच ठिकाणी येतात, म्हणजे पटाचं नाव वेगळं आणि खेळाचं वेगळं. चीनमधल्या विज्ञानाचा इतिहास लिहिणारे ब्रिटिश अभ्यासक जोसेफ नीडहॅम ह्यांनी १९६२ साली असं मांडलं होतं की बुद्धिबळाचं मूळ चीनमधल्या ग्रहताऱ्यांच्या, शकुनाच्या पटात आहे, पण खेळांचा इतिहास लिहिणाऱ्या बहुतेकांनी ते मान्य केलं नाही, चतुरंगाकडेच बोट दाखवलं. मलाही चतुरंगच पटतं. ह्या मतभेदात एका शब्दाचा मोठा हात आहे तो म्हणजे श्यांग. चिनी बुद्धिबळाला श्यांगची म्हणतात आणि त्यातल्या श्यांगचा अर्थ हत्तीही होतो आणि प्रतिमा किंवा चिन्हही होतो, आणि यी जिंगमधे षड्रेखांच्या प्रतिमेवर जी टीका आहे तिच्या नावातही हाच श्यांग आहे! पण श्यांगचीतला हत्ती तिरपा दोन घरं जातो, अगदी जुन्या शतरंजमधल्या फीलसारखा, आणि फील म्हणजेही हत्ती. त्यामुळे खेळाच्या नावात हत्ती बघायला मला काही अडचण वाटत नाही. ६४ च्या बाबतीतही बघा, श्यांगचीत सोंगट्या घरात ठेवतच नाहीत, रेघांच्या छेदावर ठेवतात आणि असे छेद ९० आहेत. पटाच्या मधोमध जी आडवी पट्टी असते, जिला नदी म्हणतात, ती सोडून घरं मोजली तर मात्र ती ६४ भरतात.

खरं नातं गणितात आहे आणि त्यासाठी मराठीत शब्द तयार आहे, प्रस्तार, म्हणजे लघु-गुरूंच्या सगळ्या शक्य रचना क्रमाने मांडणं. शाळेत यमाताराजभानसलगम् पाठ केलेलं असतंच. तीन अक्षरं, प्रत्येक लघु किंवा गुरु, म्हणून आठ गण. त्रिरेखा आठ का, त्याचं हेच उत्तर. लघु एक मात्रा आणि सलग रेघ एक तुकडा, गुरु दोन मात्रा आणि तुटक रेघ दोन तुकडे, इतकं नीट बसतं. दोन गण जोडले की सहा अक्षरं आणि आठ गुणिले आठ, ६४. पिंगलाच्या छंदःशास्त्राप्रमाणे सहा अक्षरी चरणाचा प्रस्तार मांडला तर ओळी ६४च येतात. पिंगलाने चीनकडून घेतलं किंवा उलट झालं असं मी अजिबात म्हणत नाहीये, दोनच पर्याय सहा जागी ठेवले की कोणालाही ६४च मिळणार.

पिंगलाची नष्ट म्हणून रीत आहे, नुसत्या क्रमांकावरून ओळ शोधायची. समजा ५१वी ओळ हवीये. ५१ विषम, म्हणून गुरु, एक मिळवून निम्मे केले की २६. २६ सम, लघु, निम्मे १३. १३ विषम, गुरु, ७. ७ विषम, गुरु, ४. ४ सम, लघु, २. २ सम, लघु. झालं, ग ल ग ग ल ल, म्हणजे र गण आणि भ गण. हे वरून खाली रेघांत काढा: तुटक, सलग, तुटक, तुटक, सलग, सलग. वर पाण्याची त्रिरेखा, खाली सरोवराची, आणि ही षड्रेखा म्हणजे ज्ये. ग्रंथाच्या रूढ क्रमात ती ६०वी आहे, पण अकराव्या शतकातल्या शाओ युंग ह्या चिनी तत्त्वज्ञाच्या नावाने जी मांडणी प्रसिद्ध आहे ती सगळ्या तुटक रेघांपासून मोजत गेलं तर बरोब्बर ५१वी. ज्ये म्हणजे बांबूचं पेर, त्यावरून मर्यादा, आणि चिनीत सणालाही ज्येच म्हणतात. आपल्याकडे पर्व शब्दाचे पेर आणि सण हे दोन्ही अर्थ आहेत, हे मला फार आवडतं.

शाओ युंगची तीच आकृती, मधे आठ बाय आठचा चौकोन आणि भोवती वर्तुळ, बीजिंगमधल्या बूव्हे नावाच्या फ्रेंच जेझुइट धर्मप्रसारकाने १७०१च्या पत्रासोबत लाइब्निझ ह्या जर्मन गणितीला पाठवली, ती पोचली १७०३ साली. लाइब्निझ १६७९पासून शून्य आणि एकच्या आकडेमोडीत होता, त्याने तुटक म्हणजे ० आणि सलग म्हणजे १ असं वाचलं आणि त्याच वर्षी द्विमान पद्धतीवरचा, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या आकडेमोडीवरचा, लेख पॅरिसच्या विज्ञान अकादमीला पाठवला, तो अकादमीच्या १७०३च्या खंडात आहे, पण तो खंड छापून आला १७०५ साली. त्याच्या मोजणीत ज्ये ५० येते कारण तो शून्यापासून सुरू करतो. बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं ते त्या मधल्या चौकोनामुळे, तिथे आडव्या ओळीची खालची त्रिरेखा एकच राहते आणि उभ्या ओळीची वरची. प्रत्येक घराला पत्ता आहे पण चाल कुठलीच नाही.

तेव्हा लेखात "६४ षड्रेखांचा प्रस्तार" असं लिहा. फक्त रमलाबद्दल, म्हणजे ठिपक्यांच्या आकृत्यांवरून शकुन बघण्याच्या विद्येबद्दल, लिहिताना षड्रेखा वापरू नका, तिथे चारच ओळी असतात, प्रत्येकीत एक किंवा दोन ठिपके, म्हणून आकृत्या १६ होतात, आणि रमलवाले त्यांना शकल म्हणतात, तोच शब्द ठेवावा.